आईच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील मिल्टन ॲबी ही जुनी मठवास्तू आपण आम्हाला दाखवलीत, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. त्याच सहलीत आधी पाहिलेल्या एका हवेलीत माझ्या आईने विचारलेला प्रश्न तिथल्या माहितगाराने हसून बाजूला सारला आणि मालकांची वंशावळ पुढे चालू ठेवली. ते मला अजूनही सलते.

राजा ॲथेलस्टनने दहाव्या शतकात स्थापलेले धर्मस्थान, १३०९ मध्ये वीज पडून जळालेले चर्च, १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत बरखास्त झालेला मठ आणि त्याची जमीन विकत घेणारा जॉन ट्रेगनवेल, हे सारे आपण थोडक्यात सांगितलेत. रेंगाळलात ते तळ्याकाठी. १७५२ मध्ये ही जहागीर घेणाऱ्या जोसेफ डेमरच्या डोळ्यांत मठाला लागून असलेले मिल्टन हे बाजाराचे गाव खुपू लागले आणि भाडेपट्टे जसजसे हाती येत गेले तसतशी त्याने घरे पाडली. हटायला तयार नसलेल्या विल्यम हॅरिसन या वकिलाच्या घरात त्याने पाणी सोडले, तेव्हा हॅरिसनने दावा लावून तो जिंकला, हे सांगताना आपला आवाज चढला होता. गावातली जुनी शाळासुद्धा १७८५ मध्ये संसदेच्या कायद्याने ब्लँडफर्डला हलवली गेली. आणि ज्याला शाळेची मुले दारात नको होती, त्याच्याच वाड्यात १९५४ साली शाळा सुरू झाली.

तेवढ्यात आईने विचारले, “मग माणसं गेली कुठं?” आपण बोलणे थांबवलेत, मी भाषांतर करेपर्यंत थांबलात आणि उत्तर माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहून दिलेत: काहींना टेकडीआडच्या मिल्टन ॲबस या नव्या गावात पेंढ्याने शाकारलेली जोडघरे मिळाली, सगळ्यांना नाही. आईचे माहेर कोयना धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. हे आपल्याला ठाऊक नव्हते, तरीही तिचा प्रश्न आपण मोलाचा मानलात. समोरच्याची भाषा येत नसताना त्याचा मान राखणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

आईने आपल्याला नमस्कार सांगितला आहे. पाडलेल्या घरांची दारे, तुळया लोकांना नव्या गावात नेता आल्या का, असे ती विचारते. माहीत असल्यास अवश्य कळवावे.

आपली कृतज्ञ,
एक मराठी लेक