सांगायचा राहिलेला आकडा

डेट्रॉइट, मिशिगन
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल गणपती बसले, त्याचे फोटो दादूने पाठवले होते. बाबा, आरती झाल्यावर तुम्ही फोनवर सहज सांगावे तसे सांगितलेत की, ओढ्याकाठच्या वीस गुंठ्यांना गिऱ्हाईक आले आहे आणि या आठवड्यात इसार घ्यायचा विचार आहे. त्यानंतर मला रात्रभर झोप लागली नाही. फोन करूनच बोलणार होते. पण आईचा आवाज ऐकला की मी पुन्हा निम्मेच सांगेन, हे मला पक्के ठाऊक आहे, म्हणून सगळे लिहून काढत आहे.

जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा मी तुम्हाला "पास झाले" एवढेच सांगितले. तुम्ही पेढे वाटलेत. अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या स्टेप टू सीके या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला यंदा २१४ गुण लागतात आणि मला २२३ मिळाले आहेत, हे मी सांगितले नाही. अमेरिकेत शिकलेल्या मुलांची सरासरी २४९ च्या आसपास असते आणि बाहेरून येणाऱ्या उमेदवारांकडून साधारण त्याहूनही अधिक गुणांची अपेक्षा केली जाते. म्हणजे मी उत्तीर्ण आहे हे खरे, पण माझे गुण कमी आहेत, आणि हे तुम्हाला दोन महिने कळू न देता मी तुमच्याकडून शाबासकी घेतली. याचे मला फार वाईट वाटते.

आई म्हणेल, पुन्हा परीक्षा दे. येथे तसा नियम नाही. एकदा उत्तीर्ण झाल्यावर गुण वाढवण्यासाठी ती परीक्षा पुन्हा देता येत नाही. नापास होणाऱ्याला दुसरी संधी मिळते, काठावर उत्तीर्ण झालेल्याला मिळत नाही. गुणांची फेरतपासणी मागता येते, पण तिच्यात गुण बदलण्याची शक्यता जवळजवळ नसते, म्हणून त्या शुल्काचे पैसे मी घातले नाहीत. पहिल्या टप्प्याची परीक्षा, म्हणजे स्टेप वन, जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली आहे. त्यामुळे आकड्यात तुलना करण्यासाठी अर्ज वाचणाऱ्यांसमोर उरतो तो मुख्यतः हाच एक आकडा, आणि अर्जांचा ढीग मोठा असला की अनेक रुग्णालये एका ठरावीक गुणाखालचे अर्ज चाळणीतच बाजूला काढतात. माझा अर्ज पुष्कळ ठिकाणी कोणी उघडणारसुद्धा नाही, हे मी आता स्वीकारले आहे.

गुण कमी पडले याचे कारण माझ्या अभ्यासाच्या पद्धतीत आहे. साठ मिनिटांचा एक ब्लॉक, त्यात चाळीसपर्यंत प्रश्न, आणि असे आठ ब्लॉक एकाच दिवशी. एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट, आणि प्रश्न म्हणजे एखाद्या रुग्णाचा अर्धा पान भरणारा वृत्तान्त. घरी प्रश्न सोडवताना मी घड्याळ लावून क्वचितच बसले. मुंबईच्या केंद्रावर तिसऱ्या ब्लॉकपासूनच शेवटचे पाच-सहा प्रश्न पुरते न वाचता मी उत्तरे भरत होते. सराव चाचण्यांत मी २३० च्या पुढे जात नव्हते, हे दिसत असूनही परीक्षेला बसले, कारण परीक्षा देण्याची तीन महिन्यांची मुदत आधीच एकदा वाढवून घेतली होती आणि यंदाचे वर्ष वाया घालवायचे नव्हते. आई, त्याच सुमारास तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तू मनात तो संबंध लावशील, म्हणून स्पष्ट लिहिते: दवाखान्यात तुझ्याजवळ बसले ते दिवस एकूण सहा, आणि सहा दिवसांनी हा निकाल बदलला नसता.

आता जमिनीविषयी, जी तुम्ही माझ्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी विकायला काढली आहे. बाबा, तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी २५ लाखांत अमेरिकेतली जागा "करून देतो" असे सांगितले आहे, आणि आपल्याकडे खासगी महाविद्यालयांत व्यवस्थापन कोटा असतो हे माहीत असल्यामुळे तुम्हाला ते शक्य वाटले, यात तुमची चूक नाही. परंतु येथे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचे डॉक्टरांचे पुढचे शिक्षण, ही शुल्क भरून घ्यायची जागा नसून पगार मिळणारी नोकरी आहे. मुलाखती झाल्यावर उमेदवार रुग्णालयांचा पसंतीक्रम देतो, रुग्णालये उमेदवारांचा देतात, आणि दोन्ही याद्या संगणकावर जुळवल्या जातात. त्यालाच मॅच म्हणतात. ही जुळवणी आज ज्या पद्धतीने होते ती घडवणाऱ्यांपैकी एक, ॲल्विन रॉथ, यांना २०१२ मध्ये लॉइड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या गृहस्थांकडे देण्यासारखी कोणतीही जागा नाही. कृपा करून त्यांना एक रुपयाही देऊ नका.

खरा खर्च किती ते सांगते. पहिल्या तीस अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्जाला ३० डॉलर, आणि हा हिशेब प्रत्येक विषयाला वेगळा. फॅमिली मेडिसिनचे ६० आणि इंटर्नल मेडिसिनचे ४० अर्ज केले तर १८६० डॉलर होतात, म्हणजे साधारण दीड लाख रुपये. धडगावच्या नोकरीतले माझे जे पैसे साठले आहेत त्यांत हे, डिसेंबरपर्यंतचे येथील भाडे आणि परतीचे तिकीट बसते. मी वही घेऊन हिशेब केला आहे.

फॅमिली मेडिसिन का, हे तुम्ही विचारलेत तेव्हा मी "तिथे गुण कमी चालतात" असे तुटक उत्तर दिले होते. ते अगदीच खोटे नव्हते, पण पुरेसे नव्हते. बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षी धडगाव तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात एक पावरा बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीचे हातपाय सुजलेले होते आणि हात लावला की ती किंचाळत असे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची साधी चाचणी आमच्याकडे होती. ती पॉझिटिव्ह आली, आणि नंदुरबारला पाठवलेल्या नमुन्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. मग मी आईवडिलांना तपासले, दोघेही वाहक निघाले. नंतर सात वर्षांच्या भावाला, जो "याचे सांधे नेहमीच दुखतात" म्हणून तीन वर्षे वेदनाशामक गोळ्यांवर होता. त्यालाही तोच आजार होता. एका लेकराच्या सुजेतून सगळे घर समोर आले, आणि पुढचे आठ महिने ते घर माझ्याकडे येत राहिले: फॉलिक ॲसिड न्यायला, ताप आला की घाबरून, आणि एकदा नुसतेच, घरच्या शेंगा द्यायला. तज्ज्ञ होऊन एकच अवयव पाहावा असे मला त्यानंतर कधी वाटले नाही. अर्जासोबतच्या निवेदनात मी हेच लिहिले आहे. गुणांची सबब त्यात लिहिलेली नाही. मुलाखतीत विचारले तर वर तुम्हाला सांगितले तेच, तितकेच सांगेन.

येथील एका लहान रुग्णालयात ज्या डॉक्टरीणबाईंबरोबर मी महिनाभर आहे, त्यांनी माझ्यासाठी शिफारसपत्र दिले. त्यांनी मला एक उपयुक्त गोष्टही सांगितली: जेथे माझी खरोखर गरज आहे तेथेच अर्ज करावा, नामांकित विद्यापीठांच्या मागे लागू नये. फॅमिली मेडिसिनमध्ये "तुमच्याकडे मला विशेष रस आहे" असा संकेत फक्त पाच ठिकाणी पाठवता येतो, आणि ती पाच मी आडगावच्या, परदेशी डॉक्टरांना जे-वन व्हिसावर घेणाऱ्या रुग्णालयांतून निवडली आहेत. आई, या व्हिसावर शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी करून सूट मिळवावी लागते. तू हे लग्नाच्या बोलणीत कोणाला सांगणार असशील तर पूर्ण सांग.

शक्यताही जशी आहे तशी सांगते. यंदाच्या, २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेबाहेर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी ५८.५ टक्क्यांना जागा मिळाली. त्यात २५० च्या वरचे पुष्कळ असणार, म्हणून माझी शक्यता त्याहून कमी धरा. २५ सप्टेंबरला रुग्णालयांना अर्ज दिसू लागतील. एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे डिसेंबरपर्यंत आले नाही, तर मी लगेच परत येईन आणि नीट पीजीच्या अभ्यासाला बसेन, या वेळी घड्याळ लावून. बोलावणी आली, तर मुलाखती देऊन १७ मार्चची वाट पाहीन. त्या सोमवारी जागा मिळाली की नाही एवढेच कळते, आणि कोठे ते शुक्रवारी, २१ तारखेला. जागा मिळाली नाही तर त्याच आठवड्यात रिकाम्या जागांसाठी पुन्हा अर्ज करता येतो. तोही करीन, आणि त्यानंतर मात्र थांबेन. दुसऱ्या वर्षी हाच खेळ पुन्हा मांडणार नाही.

१७ मार्चला संध्याकाळी मी तुम्हाला फोन करीन आणि जे असेल ते पूर्ण सांगेन. मावशीला आणि शेजारी खरे गुण सांगायचे असतील तर सांगा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी स्वतः सांगेन.

बाबा, इसार घेतला असेल तर तो उद्याच परत करा. घेतला नसेल तर गिऱ्हाइकाला नाही म्हणा, आणि या पत्राला उत्तर तुमच्या हाताने लिहून, त्याचा फोटो दादूकडून पाठवा. रागावला असाल तरी लिहा.

परवा गौरी येतील. आईला जास्त वेळ उभे राहू देऊ नका.

तुमची,
ताई