व्हिडिओवर बंदी नाही, पण पुढचा बनलाच नाही

संपादक साहेब, नमस्कार,

तीस वर्षं झाली परळला सकाळचा चहा तुमच्या पेपरसोबतच होतो, म्हणून हक्काने लिहितोय. मार्च २०२५ मधे आपल्या राज्य सरकारने मीडिया मॉनिटरिंग सेंटरसाठी १० कोटी मंजूर केले, त्यात बातम्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा वेगळ्या करणार. नाला तुंबलाय ही बातमी कुठल्या खणात टाकणार? ती खरी आहे का एवढंच बघा ना.

माझा भाचा भांडुपला छोटं न्यूज पोर्टल चालवतो, म्हणजे तो, एक मित्र आणि एक माईक. मागच्या पावसाळ्यात त्याने नालेसफाईचा व्हिडिओ टाकला, कागदावर गाळ उपसलेला आणि नाला तसाच भरलेला. चार दिवसांनी चौकशीला बोलावलं, मोबाईल ठेवून घेतला, मग रोज बोलवायचे आणि संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवायचे, गुन्हा काय ते शेवटपर्यंत कोणी सांगितलंच नाही. अकराव्या दिवशी मोबाईल परत मिळाला, पण त्याला माहिती देणारे कंत्राटी कामगार आता त्याचा फोन उचलत नाहीत, कारण त्यांचे नंबर, व्हॉट्सॲप सगळं त्याच मोबाईलमधे होतं. व्हिडिओ आजही यूट्यूबवर आहे. पुढचा मात्र बनलाच नाही.

लोक म्हणतात कोर्टात जा. आपल्या हायकोर्टाचा मला अभिमानच आहे, ऐन आणीबाणीत फेब्रुवारी १९७६ मधे मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकावरचा सेन्सॉरचा हुकूम याच कोर्टाने टिकू दिला नाही, आणि सप्टेंबर २०२४ मधे केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचा नियमही इथेच रद्द झाला, ज्यात सरकारबद्दलची बातमी खोटी की खरी ते सरकारच ठरवणार होतं. पण मसानी बॅरिस्टर, खासदार राहिलेले, आणि त्यांच्याकडे आव्हान द्यायला हुकूम तरी होता. भाच्याकडे एक लेखी ओळ नाही. कोर्टात काय दाखवणार तो?

तुमच्याकडे वकील आहेत, नाव आहे. अशा छोट्या रिपोर्टरला बोलावणं आलं की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी तरी छापा, कोणाला बोलावलं, कुठे, किती वेळ बसवलं. त्या अकरा दिवसांत भाच्याला एकाही पेपरमधून फोन आला नाही.

आपला एक वाचक,
परळ, मुंबई