'रामबाण' लिहू नका, औषध कोणासाठी आहे ते लिहा

संपादकसाहेब, नमस्कार,

कार-टी सेल थेरपीच्या, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या सेल्स बदलून कॅन्सरवर करायच्या उपचाराच्या, बातम्या हल्ली सगळ्याच पेपरात येतात आणि आनंदच आहे त्याचा, पण हेडिंगमध्ये "कॅन्सरवर रामबाण इंजेक्शन" असं छापून आलं की काय होतं ते सांगते. मी दर रविवारी टाटाच्या पेशंटच्या धर्मशाळेत मदतीला जाते. तिथे लातूर-नांदेडकडून आलेले आईबाप मुलाच्या फाईलमध्ये रिपोर्टच्या मधे ते कात्रण घडी करून ठेवतात आणि विचारतात, ताई हे आमच्या बाळाला मिळेल का, मग ही केमो कशाला चालू ठेवायची? आणि बाळाची केमो छान लागू पडत असते हो! लहान मुलांच्या ए.एल.एल. ब्लड कॅन्सरमध्ये बहुतेक मुलं नेहमीच्या केमोनेच बरी होऊ शकतात, फक्त ती दोन-अडीच वर्षं न सोडता पूर्ण करावी लागते. कात्रण वाचून कोणी ती मधेच सोडली तर कसं व्हायचं?

कार-टी आहे ती केमोला दाद न देणाऱ्या किंवा बरा होऊन परत उलटलेल्या बी-सेल कॅन्सरसाठी, म्हणजे रक्तातल्या बी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरसाठी. पेशंटचं रक्त मशीनमधून फिरवून टी-सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतात, लॅबमध्ये निकामी केलेल्या व्हायरसच्या मदतीने त्यात नवीन जीन घालतात, त्यामुळे त्या सेल्सना कॅन्सरच्या सेलवरची सीडी१९ ही खूण ओळखता येते, मग त्या वाढवून परत शरीरात सोडतात. पिशवी एवढीशी, काही मिनिटांत चढते. खरी परीक्षा त्याच्यानंतर. ताप चढतो, बीपी पडतं, कधी आयसीयू लागतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. स्टीफन ग्रप यांच्याकडे एमिली व्हाइटहेड ही छोटी मुलगी अशीच हाताबाहेर चालली होती, तेव्हा तिच्या रक्तात आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रोटीन खूप वाढलेलं दिसलं, आणि संशोधक कार्ल जून यांना त्यावरचं संधिवाताचं औषध आठवलं कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता. त्या औषधाने एमिली वाचली, आज तेच टोसिलिझुमॅब जगभर वापरतात. हे सगळं वाचकाला सांगा ना, लोकांना समजतं!

आपल्याकडचं काम तर घराजवळचं आहे. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या टीमने या सेल्स तयार केल्या, टाटामध्ये लहान मुलांच्या कॅन्सरचे डॉ. गौरव नरुला आणि मोठ्यांचे डॉ. हसमुख जैन यांनी पेशंटवर ट्रायल चालवल्या. जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रातल्या बोनमॅरो युनिटमध्ये पहिला डोस दिला गेला, ऑक्टोबर २०२३ ला नेक्सकार१९ या नावाने या थेरपीला मान्यता मिळाली. मान्यता मिळाली ती १५ वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटसाठी. म्हणजे ज्या चार-पाच वर्षांच्या पोराची आई कात्रण घेऊन येते, त्याच्यासाठी ती मान्यता नव्हतीच, आणि हेच नेमकं बातमीत नसतं.

दुसरं पैशाचं. परदेशात तीन-चार कोटी आणि आपल्याकडे तीस-चाळीस लाख, हा फरक खरोखर मोठा आहे, अभिमान वाटतो. पण फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांचं कव्हर, मग उरलेले कुठून आणायचे, जमीन विकून? यावर एक सविस्तर बातमी करा, आरोग्यमंत्र्यांना थेट विचारा.

आणि कार-टी दिली म्हणजे संपलं असंही नाही. कॅन्सरच्या सेल सीडी१९ ची खूण टाकून देऊन परत उलटू शकतात, म्हणून काही मुलांना त्यानंतर बोनमॅरो ट्रान्सप्लांट करतात. त्याला डोनर लागतो, सख्ख्या भावाबहिणीचा मॅच चारात एकदा. भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ साली टाटामध्येच डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, एका लहान मुलीला तिच्या भावाचा बोनमॅरो देऊन, आणि अडवाणी स्वतः पोलिओमुळे व्हीलचेअरवर असायचे. पण ज्याला भाऊ-बहीण जुळत नाही त्याचं काय? डोनर रजिस्ट्रीत गालाच्या आतून स्वॅब देऊन नाव नोंदवता येतं, दुखत नाही. आपल्या लोकांची नावं वाढली तर आपल्या मुलांना मॅच मिळायची शक्यता वाढते, कारण एकाच समाजातल्यांचे एचएलए, म्हणजे डोनर जुळतो का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळायचा चान्स जास्त.

तेव्हा विनंती एवढीच, यापुढे कार-टीची बातमी छापताना तिच्याखाली चौकट टाका: कुठल्या कॅन्सरसाठी, कुठल्या वयाला, खर्च किती, आणि चालू केमो डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. शेवटचं वाक्य ठळक टायपात.

एक नियमित वाचक,
दादर, मुंबई