पेनड्राइव्ह मंदावला तर आधी प्रत काढा

संपादक महोदय,

तालुक्याच्या गावी माझे डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. ‘पेनड्राइव्ह फार स्लो झालाय, तेवढा फॉरमॅट मारून द्या,’ असे म्हणणारे गिऱ्हाईक दिवसाआड येते. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह याच कामासाठी आणला. फोटोंची दुसरी प्रत घरी नाही, हे विचारल्यावर कळले. मी आधी फोटो उतरवायला घेतले, तेव्हा वेग सेकंदाला एक एमबीच्याही खाली गेला आणि काही फाइलींपाशी कॉम्प्युटर मिनिटभर अडून राहिला. नऊ जीबीला संध्याकाळ झाली. तरीही मंगलाष्टकांच्या चार फोटोंचा खालचा अर्धा भाग करडाच निघाला.

फाइल टाकताना लागणारा वेळ आणि उघडताना लागणारा वेळ यांत मोठा फरक आहे. पेनड्राइव्हमधील माहिती साठवणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये लिहिणे लहान लहान पानांवर होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या अख्ख्या ब्लॉकचेच होते. त्यामुळे भरत आलेल्या पेनड्राइव्हला जुना मजकूर बाजूला हलवून, ब्लॉक पुसून मगच नवे लिहावे लागते आणि लिहिण्याचा वेग घसरतो. थोडी जागा मोकळी ठेवली, शेकडो बारीक फाइलींची एकच झिप करून टाकली, की बराच फरक पडतो. वाचतानाच पेनड्राइव्ह अडू लागला, तर मात्र चिपमध्ये माहिती धरून ठेवणारा विद्युतभार क्षीण होऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाचावी लागत असण्याची शक्यता असते. तिथे फॉरमॅट हा उपाय नव्हे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्ये लिहितो, आणि मग फोटो परत मिळण्याची आशाच उरत नाही. दुकानदार बांधवांनीही गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून लगेच फॉरमॅट करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे गाऱ्हाणे पाकिटाबद्दल आहे. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर ‘व्ही ३०’ असे छापलेले असले, तर सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी वेगाची ती हमी असते. माझ्याकडे येणाऱ्या पेनड्राइव्हच्या पाकिटांवर बहुधा फक्त वाचण्याचा वेग असतो, तोही ‘इतक्यापर्यंत’ असा मोघम. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापावीच लागते. तिच्याशेजारी लिहिण्याचा किमान वेग छापणेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सक्तीचे करावे.

– एक डीटीपी व्यावसायिक, जि. सातारा