बाबा, प्रिन्सिपल नको

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर नीट बोलणंच झालं नाही म्हणून लिहितेय, आई तुझ्या मागं टीव्ही चालू आणि बाबा तुम्ही माझं ऐकायच्या आधीच पुढचा हिशोब मांडून मोकळे. प्रोफेसरची ऑर्डर आली हे खरं, पण त्यावर लगेच 'आता प्रिन्सिपल हो' हे काही मला नकोय.

तुमचा हिशोब बरोबर आहे म्हणा. पीएचडी आहे, शिकवून पंधरा वर्षं कधीच झाली, दहा रिसर्च पेपर लागतात त्याच्या वर छापून आलेत, यूजीसीच्या 2018 च्या नियमात मी बसते. पाच वर्षांची टर्म, जमलं तर अजून एक. पण पाच वर्षं म्हणजे नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचं मूल्यांकन, ॲडमिशन, संस्थेच्या मिटिंगा, कुणाचा तरी मुलगा नापास झाला म्हणून येणारे फोन, आणि लॅबला कुलूप.

मी पीएचडीला एनसीएलला, पुण्याच्या त्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते तेव्हा दर दिवाळीत तुम्ही विचारायचात, कधी संपणार गं तुझं? तेव्हा चिडायचे, सांगता यायचं नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एखादा रेणू दहा पायऱ्यांनी बांधायचा असला आणि प्रत्येक पायरीला चांगला ऐंशी टक्के माल हातात आला तरी शेवटी शंभरातले दहा-अकराच उरतात. ओली हळद शिजवून वाळवली की पाचवा हिस्सा राहतो, ती घट तुम्ही आयुष्यभर वहीत लिहिलीत, तसंच हे. फरक एवढाच की आमचं आठव्या पायरीला अडलं तर परत पहिल्यापासून माल करत यायचं, माल शुद्ध करायला कॉलम लावायचे, रात्री उशिरा एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारा आलेख बघायचा आणि कळायचं की भलतंच काहीतरी झालंय. त्यातच वर्षं गेली.

आणि नंतरचं तासिका तत्त्व तर तुम्ही बघितलंच आहे. त्या कॉलेजात तासावर पैसे, ते पण कधी येतील तेव्हा, उन्हाळ्यात काहीच नाही. आई तेव्हा तू डब्यातून काढून एसटीचे पैसे द्यायचीस, बाबांना माहीत नसेल, आता झालं माहीत. पोरं मला मॅडम म्हणायची आणि ऑफिसमधला क्लार्क उभं ठेवायचा. त्यामुळं लॅबची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये असणं माझ्यासाठी ऑर्डरपेक्षा मोठं आहे, हसू नका.

परवा एमएस्सीच्या पोरांना ग्रिन्यार लावायला सांगितलं, म्हणजे त्या नावाच्या फ्रेंच केमिस्टची रिॲक्शन. त्याचं नोबेल 1912 चं, पण साताऱ्याच्या पावसात अजून रडवतं, कारण पाण्याचा अंश चालत नाही आणि इथं जुलैत भिंतीसुद्धा ओल्या. काचेची भांडी ओव्हनमध्ये तापवून घेतली, कोरडं ईथर, मॅग्नेशियम, आयोडीनचा एक खडा, तरी ढिम्म. मग एका पोरीनं फ्लास्क तळहातात धरला आणि थोड्या वेळानं ईथर आपोआप उकळायला लागलं, तर अशी ओरडली की शेजारच्या फिजिक्सवाल्यांनी दारातून डोकावलं. हे सोडून मी नॅकच्या फायली कशाला लावत बसू?

आता कामाचं. यंदा दोन पोरांना हळदीतल्या कर्क्युमिनवर, म्हणजे तिला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यावर प्रोजेक्ट दिलाय. त्याची रचना 1910 सालीच पोलिश केमिस्टांनी सांगून ठेवलीय, त्यामुळं नवीन शोध वगैरे काही नाही, पण साठवणुकीत ते किती टिकतं हे पोरांनी स्वतः मोजून बघावं असं वाटतं. आई, हळदीच्या डागाला साबण लागला की लाल का होतो हे तू विचारायचीस ना, ते हेच, अल्कलीत रंग बदलतो. आणि डाग उन्हात टाक म्हणायचीस ते अगदी बरोबर, उजेडात तो रेणू फुटतो.

तर बाबा, मार्केट यार्डातनं राजापुरी जातीची हळकुंडं हवीत, पॉलिश न केलेली, यंदाची अर्धा किलो आणि गोडाऊनमधली जुनी अर्धा किलो. सांगलीजवळच्या हरिपूरला 2005 च्या पुरातून वाचलेल्या एखाद्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली मिळाली तर फारच उत्तम, तुमच्या ओळखीत कुणीतरी असेलच. पिशव्यांवर कुठली, कधीची ते तुमच्या अक्षरात लिहा, माझ्या पोरांना लेबल लावायची शिस्त नाही. एसटीनं पार्सल टाकू नका, भिजेल, मीच रविवारी येऊन नेते. आणि आई, आत्याला प्रिन्सिपलचं काही बोलली असशील तर तूच निस्तर.

तुमची,
बेबी