झाकण लिंपायला शिकवणाऱ्या मामांना

तीर्थस्वरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

परवा कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तुमच्या निरोप समारंभाची तारीख आली. ३१ तारखेला तुम्ही निवृत्त होताय. ते वाचलं आणि दोन वर्षं लांबवलेलं हे पत्र लिहायला बसले. हे सगळं मी त्या दिवशी स्टेजवर बोलायला हवं होतं. माझ्या हातात माईक होता आणि तुम्ही चार हातांच्या अंतरावर उभे होतात. चूक सगळ्यांसमोर झाली, म्हणून पत्रही सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

तो वार्षिक पारितोषिक वितरणाचा दिवस तुम्हाला आठवत असेल. कॉलेजसाठी ते वर्ष फारच चांगलं गेलं होतं. आमच्या वर्गातली कबड्डी खेळणारी मुलगी विद्यापीठाच्या संघातून ‘अश्वमेध’ला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला, जाऊन आली होती. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात गाजलेल्या आपल्या लोकनृत्यातली दोघं विद्यापीठाच्या संघातून ‘इंद्रधनुष्य’ या राज्याच्या सांस्कृतिक महोत्सवाला गेली होती. एनएसएसचा एक मुलगा ‘आव्हान’च्या आपत्ती व्यवस्थापन शिबिरात दोरीवरून माणूस कसा उतरवायचा ते शिकून आला होता. आणि मी ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, राज्य पातळीपर्यंत. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो. माझी पाळी आली तेव्हा मी प्राचार्यांचे आभार मानले, विभागप्रमुखांचे मानले, मार्गदर्शक सरांचे, आई-पप्पांचे, होस्टेलच्या मैत्रिणींचे मानले. पाहुण्यांनी माझ्या हातात दिलेला नारळ ज्या तबकातून उचलला, ते तबक तुमच्या हातात होतं. हात अडकलेले म्हणून तुम्हाला टाळी वाजवता आली नाही. तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत. खाली उतरून खुर्चीत बसले तेव्हा लक्षात आलं की ज्यांच्याशिवाय मी तिथवर पोचलेच नसते, त्यांचंच नाव राहिलं.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मामा म्हणजे आमच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर. पगारपत्रकावर हे नाव, एरवी आख्ख्या कॉलेजात ‘लॅबमामा’. धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं आमचं कॉलेज. सातवीपर्यंत शिकलेल्या मामांना प्रत्येक बाटली कुठल्या फळीवर आहे हे डोळे मिटून सांगता येतं. कुठल्या ब्युरेटचा स्टॉपकॉक गळतो, कुठला पिपेट टोकाला टवका उडालेला आहे, सगळं पाठ. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. डिस्टिल्ड वॉटरचा प्लँट चालवायचा तर कंडेन्सरमधून सारखं पाणी सोडावं लागतं आणि ते मोरीत वाहून जातं. मामांनी नळीचं टोक मोरीतून काढून एका निळ्या ड्रममध्ये सोडलं. त्या पाण्यावर आमची काचेची भांडी धुतली जायची. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नाही.

आता आपल्या प्रयोगाकडे येते.

केळीच्या झाडाला एकदाच घड येतो. घड उतरवला की खांब तोडून बांधावर टाकायचा, बुडाशी फुटलेलं पील पुढे वाढवायचं. त्या टाकलेल्या खांबाचं करायचं काय, हा आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा प्रश्न. माझ्या घरचाही. सरांनी सुचवलं की खांबापासून सक्रिय कार्बन, म्हणजे रंग-वास शोषणारा कोळसा, करून बघ, आणि रंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्यात असतात तसले रंग तो ओढून घेतो का ते तपास. रंग म्हणून मेथिलीन ब्लू घ्यायचं ठरलं. कागदावर चार ओळींचं काम. खांब चिरा, वाळवा, फॉस्फोरिक आम्लात भिजत ठेवा, मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबच्या विजेच्या भट्टीत, साडेचारशे-पाचशे अंशांवर तापवा, धुवा, चाळा.

केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पोतंभर फोडी कॉलेजच्या गच्चीवर वाळत घातल्या आणि हातात आलं ते एका स्टीलच्या डब्यात मावलं. त्यातही एका रविवारी अवकाळी पाऊस आला. मी घरी होते. सोमवारी धावत गच्चीवर गेले तर फोडी नाहीत. तुम्ही त्या आदल्या दिवशीच लॅबमध्ये पेपरावर पसरून ठेवल्या होत्या. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ढग बघून घरून सायकलवर आला होतात. मी विचारलं तर म्हणालात, “इकडं कामच होतं.” काय काम होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पहिली भट्टी मी एकटीने लावली. पोर्सेलिनच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे छोट्या मुशीत, माल भरला, वर झाकण ठेवलं, फर्नेस लावलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तळाशी चिमूटभर पांढरट राख. तीन आठवड्यांची मेहनत फुंकरेने उडाली असती. मी ओट्यापाशी उभी राहून रडत होते. तुम्ही क्रुसिबल हातात घेतलं, राख बोटावर घेऊन चोळून पाहिली, आणि तुमच्या अहिराणीत म्हणालात, “उघडामा राख व्हस बेटा, कोयसा नही.”

मी म्हटलं, झाकण होतं की मामा. तर तुम्ही झाकण क्रुसिबलवर ठेवून मला खिडकीच्या उजेडाकडे धरून दाखवलंत. कडेने प्रकाशाची बारीक रेघ दिसत होती. “एवढी हवा पुरते,” म्हणालात. मग त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत की तुमचे वडील वेड्या बाभळीचा कोळसा पाडायचे. लहानपणी रात्र रात्र भट्टीशेजारी जागून तुम्ही मातीला कुठे भेग पडते ते बघायचात, आणि भेग दिसली की ओला चिखल थापायचात. एक भेग चुकली तर आठवड्याची लाकडं राख.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फडक्यात बांधून नदीकाठची चिकण माती आणलीत. विटेचा तुकडा खलबत्त्यात कुटला, चाळला, तो चुरा मातीत मिसळला. “नुसती माती तडकते.” कणकेसारखी मळलीत. क्रुसिबलच्या कडेने बोटभर जाडीची वळी फिरवून झाकण दाबलंत आणि ओल्या बोटाने सांधा पुसून घेतलात. आई करंजीची कड बंद करते तसं वाटलं मला. मला घाई झाली होती. तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात मी दुसरं क्रुसिबल तशाच पद्धतीने लिंपलं आणि दोन्ही आत ठेवून फर्नेस चालू केलं. तुम्ही लिंपलेल्यातून काळाभोर कार्बन निघाला. माझ्या क्रुसिबलचं झाकण आतल्या वाफेने उचकटून तिरकं झालं होतं आणि आत पुन्हा राख.

फरक काय, ते मला दिसेना. तुम्ही तुमच्या लिंपणीवर बोट ठेवलंत. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक होतं. “धूरले वाट पायजे, वाराले नको.”

मामा, हे वाक्य मी माझ्या वहीत त्या दिवशीच्या तारखेखाली लिहून ठेवलंय. नंतर एमएस्सीला आल्यावर मर्यादित हवेतलं ज्वलन आणि उष्णतेने होणारं विघटन यांवर दोन तास लेक्चर ऐकलं. मुद्दा तोच होता.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, कारण त्यातही तुम्ही होतात. कार्बन धुताना पीएच पेपर उदासीन दाखवेपर्यंत पाण्यावर पाणी ओतायचो, आणि तुम्ही न कंटाळता डिस्टिल्ड वॉटरची बाटली भरून द्यायचात. मग तो दिवस. बीकरमध्ये गडद निळं पाणी, त्यात चमचाभर काळी पूड, तासभर हलवलं, गाळलं. फिल्टर पेपरखालून थेंब पडायला लागले ते जवळजवळ पाण्यासारखे. पाण्यात रंग किती उरला ते मोजायला मी ६६४ नॅनोमीटरला रीडिंग घेत होते आणि तुम्ही मागे उभे राहून बीकर उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होतात. आकडा मी वाचला, पण खात्री तुमचा चेहरा बघून पटली.

‘आविष्कार’ २००६ साली राज्यपालांच्या, म्हणजे विद्यापीठांच्या कुलपतींच्या पुढाकाराने सुरू झालं. आधी कॉलेजात, मग जिल्ह्यात, मग जळगावला विद्यापीठात, आणि तिथून निवड झाली की राज्याच्या फेरीत. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला त्या सभागृहात पाय ठेवल्यावर काय वाटलं, ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठाची मुलं आणि २०११ साली सुरू झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाची मुलं एकाच मांडवाखाली. कृषी विद्यापीठांची, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची. कुणी ज्वारीच्या कीडीवर काम केलेलं, कुणी बोलीभाषेतल्या ओव्यांवर, कुणी स्वस्तातल्या कृत्रिम पायावर. पोस्टरवर ना माझं नाव, ना कॉलेजचं, फक्त एक कोड नंबर. परीक्षकांना माहीतच नाही की समोरची मुलगी कुठल्या गावची. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आपल्या सरकारी विद्यापीठांबद्दल लोक बरंच काही बोलतात, निकाल लांबतात, पदं रिकामी राहतात, आणि त्यातलं खोटं काही नाही. पण शेताच्या बांधावरचा प्रश्न घेऊन त्या सभागृहात उभं राहण्याची जागा मला याच व्यवस्थेने दिली, तीही माझ्या घरच्यांना परवडणाऱ्या फीमध्ये. हे मी कायम सांगत राहणार आहे.

पोस्टर तुम्ही पीव्हीसी पाइपात गुंडाळून दोन्ही टोकांना बूच लावून दिलं होतं. नमुन्यांच्या बाटल्या आंब्याच्या खोक्यात भुसा भरून. वर मामींनी बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. एसटीच्या दहा तासांच्या प्रवासात एकही बाटली हलली नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

पोस्टरच्या फेरीतून माझी पोडियमसाठी, म्हणजे मंचावरून सादरीकरणासाठी, निवड झाली. सादरीकरणानंतर एका वयस्कर परीक्षकांनी विचारलं, “हवा दूर ठेवायला तुमच्याकडे नायट्रोजनची सोय नव्हती असं तुम्ही म्हणता. साध्या मफल फर्नेसमध्ये हवा असतेच. मग कार्बन जळाला कसा नाही?” मी लिंपणीचं सांगितलं, भोकाचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “हे फार सुंदर आहे. हे तुम्हाला कुणी सुचवलं?”

आणि मी म्हणाले, “सर, आम्ही करून पाहिलं.”

‘आम्ही’ म्हणाले, मामा. तुमचं नाव घेतलं नाही. त्या क्षणी डोक्यात आलं की प्रयोगशाळा परिचराने सुचवलं म्हटलं तर काम माझं नाही असं वाटेल, मार्क जातील. बक्षीस मिळालं नाही, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते गिळलं. त्यांनी इतक्या कौतुकाने विचारलं होतं, तुमची गोष्ट ऐकून त्यांना आनंदच झाला असता. कॉलेजात परत आल्यावर तुम्ही पहिलं विचारलंत, “लिंपनं इचारं का कोनी?” मी म्हटलं हो मामा, खूप आवडलं त्यांना. तुम्ही हसलात आणि फर्नेस पुसायला लागलात. तेव्हाही मी बाकीचं सांगितलं नाही.

म्हणून आज सांगते. परीक्षक सर, तुम्ही कुठे हे वाचत असाल तर ऐका: ते मला आमच्या लॅबमामांनी सुचवलं. वडिलांच्या कोळशाच्या भट्टीवरून. चिकण माती, विटेचा चाळलेला चुरा, आणि सुईच्या टोकाएवढं भोक.

आता मी कुठल्याही सत्काराला गेले की स्टेजच्या कडेला बघते. अश्वमेधला गेलेल्या त्या मैत्रिणीला विचारलं, तर ती लगेच म्हणाली, सकाळी सहाला मैदानावर फक्की मारून ठेवणारे काका. लोकनृत्याच्या मुलींना बाजारपेठेतल्या टेलरताई आठवल्या, ज्यांनी रात्रीतून नऊवारी शिवून दिली आणि शिलाई अर्धीच घेतली. प्रत्येकाकडे एक नाव तयार होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मामा, माझा एमएस्सीचा प्रबंध गेल्या महिन्यात जमा झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमचं पूर्ण नाव आहे, पदासह, मार्गदर्शकांच्या लगेच खाली. एक प्रत मी तुमच्यासाठी बांधून घेतलीय.

३१ तारखेला मी येतेय. आमची आख्खी बॅच येतेय. खुर्च्या आम्ही लावणार, तबकही आम्ही धरणार, तुम्ही सकाळपासून कशालाही हात लावायचा नाही. फक्त येताना फडक्यात थोडी नदीकाठची माती बांधून आणा. यंदा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी कपाशीच्या पळकाट्यांवर हाच प्रयोग करतेय. दोनदा राख झालीय तिची. मी फोनवर सगळं समजावलं, पण ते भोक झाकणाच्या कुठल्या अंगाला ठेवायचं हे मला नीट सांगता आलं नाही.

तुमची,
केळीच्या खांबवाली