सिस्टर, मला पहिली ड्युटी मिळाली

आदरणीय इनचार्ज सिस्टर,

सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन हातात घेऊन घरी बसलेली माझ्यासारखी कितीतरी मुलं-मुली आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत, ते त्यांनाही मिळावं.

आपली भेट झाली तेव्हा मी पेशंटची नातेवाईक होते. मावशीच्या उशाशी बसले होते. सलाईनचे थेंब अडखळत पडत होते आणि इंट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत घातलेल्या बारीक नळीच्या, वरचा हात फुगला होता. कातडी ताणलेली, हाताला गार लागणारी. मी स्वतः कशालाही हात लावला नाही, ड्युटीवरच्या सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच सलाईन बंद केलं, इंट्राकॅथ काढला आणि दुसऱ्या हाताला नवा लावला. तुम्ही राउंडवर होतात. जवळ येऊन विचारलंत, "नर्सिंग केलंयस ना? कुठे असतेस?"

"कुठेच नाही," एवढंच बोलता आलं. आठ महिने झाले होते. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न अनुभवाचा. एके ठिकाणी तर फाइल न उघडताच परत दिली, "फ्रेशर घेत नाही." जगात ५९ लाख नर्स कमी आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं होतं. तो आकडा मला पाठ होता, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. एवढी गरज आहे, मग मीच का नको?

तुम्ही जिन्यात उभं राहून मला ते समजावलंत. नव्या नर्सवर एकदम पेशंट सोपवता येत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे तिच्यासोबत जुनी नर्स लागते. जिथे माणसंच कमी, तिथे शिकवायला मोकळं कोण असणार? म्हणून गरज जास्त असलेली दारंच नव्यांना बंद. "तुझ्यात खोट आहे म्हणून नाही गं," असं तुम्ही म्हणालात. त्या आठ महिन्यांत हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. सगळ्यांनाच अनुभवी नर्स हवी असेल, तर तिला अनुभव द्यायचा कुणी, हा प्रश्न मला आजही छळतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं लॉगबुक, म्हणजे शिकताना केलेल्या कामांची नोंदवही, मागवलंत. माझ्या बायोडेटात वॉर्डांतल्या प्रशिक्षणाबद्दल "क्लिनिकल पोस्टिंग पूर्ण" अशी एकच ओळ होती. तुम्ही ती खोडलीत आणि मला वॉर्डवार लिहायला बसवलंत: एका वेळी किती पेशंट सांभाळले, ड्रेसिंग किती, कॅथेटर (लघवीची नळी) किती, त्यातलं स्वतः काय केलं आणि नुसतं उभं राहून काय पाहिलं. 'केलं' आणि 'पाहिलं' वेगळं लिहायचं, यावर तुम्ही अडून बसलात. दोन पानं भरली. तीन वर्षांत मी इतकं काही केलंय, हे मला तेव्हा कळलं.

मग गणितं. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, सेटचे (सलाईनच्या नळीचे) २० थेंब म्हणजे १ मिली, तर मिनिटाला थेंब किती? आधीच्या एका मुलाखतीत मी इथेच गारठले होते. तुम्ही रोज रात्री फोनवर नवा आकडा द्यायचात. ४२ हे उत्तर आता झोपेतही सांगेन. डॉक्टरांना फोन कसा करायचा, तेही तुम्हीच घोटून घेतलंत. आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी दाखल आहे, मला काय दिसतंय, तुमच्याकडून काय हवंय. याच क्रमाने, पाल्हाळ नको.

आणि मुलाखतीत मीही एक प्रश्न विचारायचा, असं बजावलंत: "सुरुवातीला माझ्यासोबत कोण असेल, आणि किती दिवस?" एके ठिकाणी उत्तर आलं, "पहिल्या रात्रीपासून वॉर्ड तुझाच." घरचे म्हणाले, मिळतेय ती घे. तुम्ही म्हणालात, घेऊ नकोस. मी नाही म्हटलं, आणि पुढचे सहा आठवडे खूप घाबरले होते. नंतर जिथे लागले, तिथे एक सीनियर सिस्टर सुरुवातीचे दोन महिने माझ्या शिफ्टला होत्या.

गेल्या आठवड्यात मी नाइटला असताना, ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचा श्वास मिनिटाला १८ वरून २८ वर गेला. ते अस्वस्थ होते, तारखेत गोंधळत होते. मी फोन केला, तुमच्या त्या चार वाक्यांत. डॉक्टर लगेच आले. सकाळी आजोबांनी स्वतःहून पाणी मागितलं.

तुम्ही कुठेही माझ्यासाठी शब्द टाकला नाहीत. मी एकदा आडून सुचवलं, तेव्हा "तुझ्या पायांनी जा" म्हणालात. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

आणि हो, तुम्ही विचारलं होतंत आणि मी सांगायचं विसरले. मावशीच्या हाताची सूज दोन दिवसांत उतरली. व्रण राहिला नाही.

तुमची,
स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड